दोन चमचे पाणी

डॉ. दुरुगकरांच्या प्रयोगशाळेत प्राणी पाणी पीत नसत. त्यांना पाणी दिलं जाई. नाकातून जठरापर्यंत गेलेली बारीक नळी, तिला जोडलेला पंप आणि पडद्यावर मिलिलिटरचे आकडे. भांड्याला तोंड लावलं की शेळी निम्मं पाणी सांडते, सांडलेलं मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही ते विज्ञान नव्हे, असं दुरुगकर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सुनावत. नागपूरच्या त्या संस्थेत सगळ्यांना या शिस्तीचा फार अभिमान होता. हृदयाचा नवा उपचार दिलेल्या चौदा शेळ्या तिच्यात दोन वर्षं ठणठणीत जगल्या होत्या. त्यांच्यानंतरचा पहिला माणूस म्हणजे तिथल्याच डॉ. शर्वरी देवतळेचे वडील.

भगवंतराव निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. हृदय इतकं थकलेलं, की उशीवरून मान उचलली तरी धाप लागे. औषधं करून झाली होती. शर्वरीने भांडून त्यांचं नाव या उपचाराच्या यादीत सर्वांत वर घालून घेतलं.

उपचार समजावायला दुरुगकर स्वतः आले. "तहान लागली की मेंदू रक्तात एक संप्रेरक सोडतो," ते म्हणाले. "पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आम्ही त्याला जलरक्षक म्हणतो. पाणी राखून ठेव, असा निरोप ते मूत्रपिंडाला देतं. तुमच्या हृदयाच्या पेशींवर आम्ही या निरोपासाठी नवा ग्राहक, म्हणजे निरोप झेलणारा रेणू, बसवणार. जलरक्षक त्याला चिकटलं की पेशीच्या आत खबर जाते, साठवलेलं कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जोरात आवळतो."

"म्हंजे मी तहानलेला राह्यलो त जगतो."

"अगदी बरोबर."

"आन् तेच टोचलं त?"

"मग मेंदू ते बनवणं सोडून देईल, बाबा," शर्वरी म्हणाली. "एक सुई चुकली की संपलं."

"आणखी एक," दुरुगकर म्हणाले. "नवा ग्राहक राबायला लागला की हृदयाला जोर देणारे त्याचे स्वतःचे जुने ग्राहक पेशीच्या आत ओढले जातात. आयती मदत मिळाल्यावर कष्ट कोण करतं? दोनेक आठवड्यांत हृदय पूर्णपणे नव्यावर विसंबेल. मग परतीची वाट नाही."

भगवंतरावांनी सही केली.

उपचार लागू पडला आणि तिसऱ्या दिवशी ते वॉर्डात चालले. आठव्या दिवशी जिना चढले. आणि पहिल्या दिवसापासून पाणी मागत राहिले. नळीतून पोटात पाणी जात होतं, पण मोजून, नेहमी थोडं कमी; रक्त किंचित घट्ट राहायला हवं होतं. बाहेर मे महिना, सत्तेचाळीस अंश. दर उन्हाळ्यात स्टँडसमोर पाणपोई घालणाऱ्या या माणसाची जीभ लाकडासारखी झाली.

"एक घोट दे वं माय. नळीतलं पानी तोंडाले कुठं लागते?"

"नाही, बाबा."

"कुत्र्याले बी कोनी पान्याले नाही म्हनत नाही."

शर्वरी आकडे वाचत राहिली. तिला वाईट वाटत होतं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त तिला स्वतःच्या कठोरपणाचं कौतुक वाटत होतं. एका नर्सने दया येऊन ओला बोळा ओठांना लावायला घेतला, तर शर्वरीने तिला चारचौघांत झापलं आणि दुसऱ्या वॉर्डात धाडलं. भगवंतराव रडले, मग शिव्या देऊ लागले. चौदाव्या दिवशी ते बाथरूमच्या नळाला तोंड लावायला निघाले, तेव्हा तिने नळ बाहेरून बंद करून घेतला.

अठराव्या दिवशी त्यांचं हृदय चाळिशीतल्या माणसासारखं चालत होतं. आता मात्र लेकीला पाझर फुटला. तिने गणित मांडलं: दोन चमचे पाण्याने रक्तात जो फरक पडेल तो यंत्रालाही दिसणार नाही. शिवाय तेवढं नळीतून कमी करता येईल. दुरुगकरांनी गणित तपासून मान डोलावली.

दुपारी चार वाजता तिने माठातलं पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी ते डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरलं, मग गिळलं. मग दुसरा चमचा.

"वाळा टाकला काय वं?" ते हसून म्हणाले, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काही मिनिटांनी पडद्यावर रक्तदाब घसरू लागला. ऐंशी. साठ. चाळीस. रक्ताची घनता जशीच्या तशी होती. शर्वरीने धावत जाऊन कृत्रिम जलरक्षकाची सुई आणून टोचली, छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली. पण रक्तच फिरेनासं झालं होतं, आणि सुईतलं औषध हृदयापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्तात जलरक्षक जवळजवळ नव्हतंच.

"घशाने पाणी गिळलं की मेंदू ते रक्तात पोचायची वाट बघत नाही," दुरुगकर म्हणाले. "तिथल्या तिथे जलरक्षक थांबवतो. जुन्या पुस्तकात दीड ओळ आहे यावर. माझ्याच कपाटात. पण आपल्या एकाही शेळीने दोन वर्षांत पाणी गिळलं नाही."

"म्हणजे मी मारलं त्यांना. दया केली म्हणून."

दुरुगकरांना खोटा धीर देता येत नसे. "दयेने नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी घोट दिला असतास, तर जुने ग्राहक जागेवर होते. नुसती चक्कर आली असती. आपल्याला कारण सापडलं असतं आणि आज ते जिवंत असते." त्यांनी अहवाल मिटला. "त्यांनी तेव्हा मागितलं होतं का पाणी?"

"रोज," शर्वरी म्हणाली.