पेडलवरचा पाय

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण उन्मेषच्या डाव्या हाताला आज तीन बोटं नाहीत, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

उन्मेष माझा मावसभाऊ. बँकेत अधिकारी. बदली होऊन कोलकात्याला गेला, बागबाजारच्या एका गल्लीत राहतो.

गेल्या वर्षीची सतरा सप्टेंबर. रात्र-बित्र काही नाही हो... दुपारचे अडीच. लख्ख ऊन.

संध्याकाळी सहाला माझी मावशी, म्हणजे त्याची आई, हावड्याला उतरणार होती. बायको नूपुर आणि सहा वर्षांची आभा, दोघींना घेऊन तो आणायला जाणार. गाडी जुनी, महिन्यापूर्वीच घेतलेली.

आणि नेमकं त्याच दिवशी ब्रेकचं पेडल मऊ लागलं. दाबलं की थेट तळाला. दोन-तीनदा मारलं की जरा कडक, पुन्हा मऊ.

असल्या ब्रेकवर लेकीला बसवून हावड्याचा पूल उतरायचा?

तो कोपऱ्यावरच्या निमाईदाकडे गेला. गॅरेज बंद. आत विश्वकर्म्याची मूर्ती, पुढ्यात सगळे पाने-पक्कड शेंदूर लावून मांडलेले.

"आज नहीं दादा. आज जंत्र को, मशीन को कोई हाथ नहीं देता. आप भी मत दीजिए."

उन्मेष पडला सांगलीच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. घरी येऊन नूपुरला म्हणाला, "आपल्याकडे हत्यारांची पूजा दसऱ्याला. ही सप्टेंबरात कसली?"

आणि काढला पाना. मोठा शहाणा!

ऑइल बघितलं, पुरेसं होतं. चाकांशी गळती नव्हती. म्हणजे पाइपात हवा शिरलेली. ती काढायला माणसं दोन लागतात. एक आत पेडलवर, एक खाली चाकाशी. खालचा "दाब" म्हणाला की दाबायचं. "धर" म्हणाला की दाबून धरायचं. तेवढ्यात खालचा चाकामागचा नट सैल करून हवा काढतो, पुन्हा आवळतो.

आणि "सोड" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. काही झालं तरी नाही. तात्यांनी, त्याच्या वडिलांनी, त्याच्याकडून हे लहानपणीच घोकून घेतलं होतं.

गाडी जॅकवर चढवली. मागचं डावं चाक काढून गाडीखाली आडवं सरकवलं. जॅक निसटलाच तर गाडी त्या चाकावर बसावी, हीसुद्धा तात्यांचीच शिकवण.

नूपुर आत बसली.

"दाब... धर!"

"किती वेळ? पाय दुखला ना रे माझा!"

"सोड म्हणेपर्यंत!"

नटाला लावलेल्या नळीतून बुडबुडे निघाले, खाली ठेवलेल्या बाटलीत आले. गच्च्यांवर पतंग उडत होते. एखादा कापला की "भोकाट्टा! भोकाट्टा!" असा नुसता कल्ला.

मग एकाएकी...

कल्ला थांबला.

सगळ्या गच्च्यांवरचा. एकदम.

"दाब," उन्मेष म्हणाला. पेडल दाबलं गेलं. नूपुर काही बोलली नाही. रागावली असेल, असं त्याला वाटलं.

"दाब... दाब... धर."

पेडल तळाला गेलं. जोरात. अख्खी गाडी हलली.

त्याने नट सैल केला. नळीतून बुडबुडे आले नाहीत...

लाल आलं. दाट. गरम.

लक्षात घ्या, त्याचा हात तेव्हा धड होता.

नट कसाबसा आवळला, तोच तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून हाक आली.

"उन्मेष! आभा गच्चीवर पळाली होती म्हणून वर आले. थांब हं, येतेच!"



मग गाडीत कोण होतं?

त्याने वर बघायला मान वळवली... आणि जॅक उडाला.

चाकामागचा लोखंडी ब्रेक-ड्रम हातावर आला. हाडं मोडल्याचा आवाज त्याने आधी ऐकला, कळ मागून आली. तो गुरासारखा ओरडला. रक्त पार गटारापर्यंत गेलं. सात-आठ जणांनी गाडी उचलली, तेव्हा कुठे हात निघाला. बोटं तिथेच राहिली.

आणि गाडीखाली सरकवलेलं ते चाक?

समोरच्या भिंतीला टेकून उभं होतं. नीट. कुणीतरी ठेवावं तसं.

मावशी एकटीच टॅक्सी करून आली, ती थेट हॉस्पिटलात. 

चौथ्या दिवशी निमाईदाने चाक बसवलं, गाडी ढकलायला गेला. चारही चाकं जाम. दार उघडून पाहिलं तर पेडल तळाला. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, पहार घातली. तसूभर हललं नाही.

तो हॉस्पिटलात आला. चेहरा पांढराफटक.

"दादा... उसको छोड़ने को बोला था?"

'सोड' म्हटलंच नव्हतं. "धर" म्हटलं, आणि पुढे नुसत्या किंकाळ्या.

गाडी अजून त्या गल्लीत उभी आहे. धूळ खात. पेडल तळाला.

मी फोनवर म्हटलं, "अरे, एकदा जाऊन 'सोड' म्हण की! सुटेल बिचारं."



"म्हणेन रे," उन्मेष म्हणाला. "पण मग ते गाडीतून उतरेल. आणि त्याला आमचं घर माहीत आहे."

आभा झोपताना त्याची उरलेली दोन बोटं घट्ट धरते. हात बधिर होतो, घामेजतो. तो तसाच पडून राहतो.

'सोड' हा शब्द त्या घरात कुणीच उच्चारत नाही.