सातव्या दोराच्या आधी

कानातला मणी पुन्हा पुटपुटला, तेव्हा द्रौपदीबाय पावसेने कोळंबी सोलायची थांबवून समोरच्या गोऱ्या कप्तानीणबाईकडे नीट पाहिलं.

तांदळाच्या दाण्याएवढा तो अर्थमणी हर्णै बंदरात आता मासळी उतरवणाऱ्यांच्याही कानात असायचा. कुठलीही भाषा मराठीत सांगायचा, आणि बोलण्यात वाक्प्रचार आला की सोयरीक जुळवणाऱ्या मामासारखं त्याचं कूळही काढायचा.

कप्तान विनिफ्रेड आपल्या एका खलाशाची गोष्ट सांगत होती. "त्याचे तीन दोर वाऱ्यावर होते," मणी म्हणाला. "अर्थ: दारू प्यायला होता. मूळ: शिडाचं जहाज. शिडाची खालची टोकं बांधणारे दोर सुटले की जहाज झोकांड्या खातं."

"तीनच?" बाय म्हणाली. "आमच्या घरधन्याचे चार सुटायचे."

कप्तान खदखदून हसली. नात कृपाली मात्र हसली नाही. तेल परवडेना म्हणून मालवाहू जहाजांनी पुन्हा शिडं चढवली होती. कृपालीला या कप्तानाच्या जहाजावर जायचं होतं, आणि बायच्या होकाराशिवाय या घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर नांगर टाकत नसे.

"तुमची नात दोर ओळखते," कप्तान म्हणाली.

"अर्थ: काम जाणते. मूळ: शिडाचं..."

"गप रे, कळलं मला," बायने मण्याला दटावलं. "तिला मी दहाव्या वर्षीच पारखलंय. आता यांना पारखू."

पावशांची रीतच होती ती. डोळे बांधायचे, होडीतले सात दोर एकेक करून हातात घ्यायचे आणि कुठला कशाचा ते सांगायचं. खारं पाणी डोळ्यांत गेलं की हातच बघतात. चुकेल त्याने परत मासळी निवडायला बसायचं.

"बाय, कप्तान आहेत त्या," कृपाली कुजबुजली.

"माझी पोर नेणार ना? मग?"

परसातल्या जुन्या होडीत बायने स्वतःच्या हाताने कप्तानाच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. पहिले दोन दोर बरोबर आले. तिसऱ्याला कप्तान अडखळली. चौथा साफ चुकला. तिने फडकं सोडलं.

"माझ्या जहाजावर दोर यंत्र ओढतं, मी पडद्यावर बघते," ती हळू आवाजात म्हणाली. "हे शब्द मला आजोबांकडून मिळाले. दोर नाही मिळाले."

"आणि यंत्र बंद पडलं तर?"

"म्हणूनच आले. मला खलाशीण नकोय. माझ्या बारा माणसांना शिकवणारी हवीय. विचारायची लाज वाटत होती."

बायने कप्तानाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लाज वाटते म्हणजे माणूस कामाचं आहे," ती म्हणाली आणि फडकं नातीच्या हातात ठेवलं. "घेऊन जा. बाराही जणांचे डोळे बांध. चुकेल त्याला मासळी निवडायला बसव."

"आणि कप्तान चुकल्या तर?"

"त्यांना आजच बसवते. ती कोळंबी काय आपोआप सोलली जाणारेय?"

कृपालीने आजीला कवेत घेतलं, तशी बायच्या डोक्यावरची चुंबळ घसरली. कप्तान खरोखरच पाटीपाशी बसली आणि पहिलीच कोळंबी सोलताना हसत म्हणाली, "माझा मणी विचारतोय. मासळी निवडायला बसवणे: अर्थ समजला, मूळ सापडत नाही. काय नोंदवू?"

बायने चुंबळ सारखी केली. आणखी शंभर वर्षांनी, दूरच्या कुठल्यातरी समुद्रात, एखाद्या आळशी खलाशाला कुणी हेच म्हणेल. त्याच्या कानात मणी पुटपुटेल, मूळ: हर्णै.

"मणी नुसतं गाव सांगेल," तिने विचारलं, "की माझं नावही घेईल?"