मीनलचं वजन

वजनघराची किल्ली शलाकाकडे होती, कारण भर जानेवारीत बुधवारी सकाळी उठून तिथे यायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती. डिसेंबरपासून हॉलंडमधली सगळी म्युझियमं बंद, हे वजनघरही. पण चारशे वर्षांच्या लाकडाला लॉकडाउन कळत नाही. त्याला वारा लागतो, तेल लागतं. म्हणून आठवड्यातून एकदा नीउ-व्हेनेपहून दोन बस बदलून ती या गावात यायची, खिडक्या उघडायची, त्या भल्यामोठ्या तराजूच्या साखळ्या पुसायची आणि परत जायची. आज बरोबर मामेबहीण मीनल होती, सासर सोडून तिच्याकडे राहायला आलेली. घरी एकटीला ठेवलं की ती नुसती खिडकीशी बसून राहते, हे शलाका दोन आठवडे बघत होती.

"हाच का तो चेटकिणींचा तराजू?" मीनलने विचारलं.

"चेटकीण एकही नव्हती गं. बायका होत्या, साध्यासुध्या बायका!"

या विषयावर शलाकाला बोलतं केलं की थांबवणं मुश्किल. कुणाची गाय आटली, कुणाचं लोणी निघेना, कुणाचं मूल तापाने गेलं, की गावातली एखादी बाई हेरायची. चेटकीण उडते, म्हणजे ती वजनाला हलकी असणार, हे यांचं शास्त्र! मग त्या बिचारीने मैलोन्‌मैल चालत इथे यायचं, केस सोडून, अनवाणी, अंगातल्या एका झग्यानिशी पारड्यात बसायचं. बाप्यांनी तिला तोलून कागद द्यायचा, की बाईचं वजन तिच्या अंगकाठीला साजेसं आहे. कागद मिळाला तर जीव वाचला. आणि एवढं सगळं ठाऊक असून म्युझियमने पारड्याशेजारी ठेवलाय काय, तर चेटकिणीने उडायचा खराटा. पर्यटकांच्या फोटोसाठी! तो दिसला की शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आज ती आग आधीच मस्तकात गेलेली होती. त्याला कारण मीनलचा नवरा.

मागच्या मार्चमध्ये, लग्नानंतर तीन आठवड्यांनी, मीनल आइंडहोवनला आली. सारंग आणि त्याचा मोठा भाऊ अजित एकाच घरात राहायचे. अजितच्या बायकोने, शर्मिलाने, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, मीनलने ते पायाने लवंडून गृहप्रवेश केला, आणि सारंगने मोबाइलवर व्हिडिओ काढला. पुढे दहा महिने सगळं ठीक. मग अजित ऑफिसातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला गेला, करोना घेऊन आला, आणि आता तीन आठवडे आयसीयूत होता. शर्मिलाने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. संथ गतीने, पुन्हा पुन्हा. मीनलने डाव्या पायाने माप ओलांडलं होतं म्हणे. पांढऱ्या पायाची!

दहा महिन्यांनी लागू पडलेला पायगुण. आता बोला! आणि चिपच्या यंत्रांवर नॅनोमीटर मोजणारा सारंग शेजारी बसून गप्प. मीनलचं शुक्रवारचं पुण्याचं तिकीट त्यानेच काढलं. एकदा मीनल गेली की परत येणं त्याच्या मर्जीवर, कारण तिचा इथे राहण्याचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला. आज बारा वाजता तो तिला न्यायला इथेच येणार होता.

"त्याने वहिनींना एकदा सांगावं, हिचा दोष नाही," मीनल म्हणाली. "बास. मग मी कुठेही जायला तयार आहे."

शलाकाने साखळी पुसायला घेतली आणि थबकली. तराजूची दांडी जागेवर धरून ठेवणारी लाकडी खुंटी खाली पडलेली होती. गेल्या बुधवारी ती तिने स्वतः ठोकून बसवली होती. खिडक्या सताड उघड्या असूनही खोलीत ओल्या लोकरीचा वास कोंडला होता.

"मला तोल ना, ताई," मीनल अचानक म्हणाली. बूट-मोजे काढून ती पारड्यात बसलीसुद्धा.

शलाकाने समोर वजनं चढवली. एरवी ही दांडी मिनिटभर तरी झुलत राहते. आज चोपन्न किलोंना ती एकदम थांबली. जराही हलली नाही.

"साजेसं आहे," शलाका म्हणाली. दोघी हसल्या, आणि शलाकाने वजनं उतरवून ठेवली.

बारा वाजता सारंग आला. मास्क, पाठीवर लॅपटॉप, मीनलची बॅग. शलाकाने त्याला नमस्कारही न करता फोनवर तो गृहप्रवेशाचा व्हिडिओ लावून पुढे केला.

"हे भिंतीवरचं घड्याळ बघ. आकडे उलटे आहेत. तू स्वतः फ्रेममध्ये यावास म्हणून समोरच्या कॅमेऱ्याने काढलास ना हा? आरशासारखा उलटा आलाय. डावा दिसतोय तो उजवा पाय आहे, इंजिनिअरसाहेब!"

"माहितीये, ताई," सारंग म्हणाला. "पहिल्या दिवसापासून माहितीये."

मीनलने मान वर केली.

"आणि तू बोलला नाहीस?" शलाकाचा आवाज चिरकला. "लाज नाही वाटत?"

"वहिनीला आत्ता काहीतरी धरायला हवंय, ताई. दादा घरी आला की निवळेल सगळं. तोवर मीनलने जरा समजून घेतलं तर..."

दमल्यासारखा तो मागे सरकला आणि रिकाम्या पारड्यात बसला.

शलाका दांडी धरायला धावली. खुंटी नव्हती. ऐंशी किलोंचा माणूस, पारडं धाडकन फरशीवर आपटणार होतं.

आपटलं नाही.

साखळ्या ढिल्याच राहिल्या. दांडी सरळ.

सारंग बोलत होता. टेस्ट किती वाजता, टॅक्सी की ट्रेन. नजर फोनमध्ये.

शलाकाने खालून एक किलोचं वजन उचललं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिने ते समोरच्या पारड्यात ठेवलं.

ते पारडं खाली गेलं.

सारंग वर गेला. सावकाश, आवाज न करता. त्याचे बूट फरशीपासून हातभर वर लोंबत होते.

"चेक-इन करून टाकू का?" त्याने विचारलं.

"नको," मीनल म्हणाली. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. "मी येत नाही. काय करायचं ते मी इथेच राहून करीन."

"बघ, नंतर मला बोलू नकोस." पायरी उतरावी तसा तो खाली उतरला, पाठीवरची बॅग सारखी केली आणि निघून गेला. किलोचं पारडं फरशीवर टेकलेलं होतं, ते जागचं हललं नाही.

मीनल खाली बसून मोजे चढवू लागली.

"ताई, रात्री तो शेजारी येऊन झोपला ना, तरी गादी दबायची नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, इथल्या गाद्याच तशा असतील."