थोरली जाऊ आली की टीव्ही जातो

मालिकेतली थोरली जाऊ दारातून आत आली की चष्मेवाल्याच्या घरातला टीव्ही काळा पडत असे. धाकटी जाऊ आली, सासरे आले, अगदी पोलीस आले, तरी चित्र ठणठणीत राही. थोरली आली की अंधार. काही क्षणांनी चित्र परत येई, त्याच्यामागून धापा टाकत आवाज येई, आणि तोवर थोरलीने जे करायचे ते करून झालेले असे.

ही तक्रार घेऊन चष्मेवाला टीव्हीच्या दुकानात आला तेव्हा काउंटरवर मामा होते आणि मागच्या टेबलाशी त्यांची भाची एका अँप्लिफायरचे झाकण उघडून बसली होती. तिने पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती आणि हातातला मल्टिमीटर ती सहसा खाली ठेवत नसे, म्हणून दुकानात सगळे तिला ‘मीटर’ म्हणत. टीव्ही, प्लेअर, अँप्लिफायर आणि खोलीच्या कोपऱ्यांतले स्पीकर यांची घरोघरी जुळणी करून देणे हे तिचे काम. चष्मेवाल्याच्या घरची जुळणीही तिनेच केली होती. पण त्या दिवशी घरी फक्त त्याची आत्या होती आणि तो आपल्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होता. त्यामुळे दोघांची ही पहिलीच भेट.

“थोरली जाऊ आली की?” मीटरने मान वर न करता विचारले.

“हो.”

“तुमची?”

“मालिकेतली. मला जाऊ असायची सोय नाही.”

तिने मान वर केली. समोरचा माणूस हसत नव्हता. चष्म्याच्या काचा पुसत होता, आणि त्या पुसण्यातच काहीतरी हसल्यासारखे होते.

“योगायोग असेल,” ती म्हणाली.

“मीही तेच म्हणालो. आत्या म्हणते, टीव्हीलासुद्धा ती बाई सहन होत नाही.”

“टीव्हीला मतं नसतात.”

“हे तुम्ही आत्याला सांगाल? माझी छाती होत नाही.”

मामांनी कपाटातून एक जाड, चांगल्या आवरणाची केबल काढून तिच्या पिशवीत कोंबली. “ही टाकून बघ आधी,” ते म्हणाले. “कारण कळल्याशिवाय काही बदललं, तर ती दुरुस्ती नव्हे, मामा, ते नशीब,” ती म्हणाली. तत्त्व निर्दोष होते. केबल तिने पिशवीतून काढून गाडीत ठेवून दिली.

संध्याकाळी ती त्या घरी पोहोचली. काम सुरू करण्यापूर्वी जागा मोकळी करायची, हा तिचा पहिला नियम. तिने कपाटासमोरची चाकांची खुर्ची बाहेर ढकलली, टीपॉय भिंतीला लावला, पायपुसणे उचलले. टीव्ही एका भिंतीवर होता. प्लेअर आणि अँप्लिफायर समोरच्या कपाटात होते. दोन्हींना जोडणारी केबल भिंतीच्या कडेने गेली होती, आणि तिचा उरलेला भाग मीटरने स्वतः गोल गुंडाळून, पट्ट्या आवळून कपाटाशेजारी बसवला होता. तिच्या गुंडाळ्या इतक्या रेखीव असत की मामा त्या गिऱ्हाइकांना दाखवायला नेत.

“अगं, माझी खुर्ची!” आत्या म्हणाली.

“काम होईपर्यंतच, आत्या. तुम्ही इथे सोफ्यावर बसा, माझ्याशेजारी.”

रेकॉर्ड केलेला भाग लावला. थोरली जाऊ आली. टीव्ही तिच्याकडे शांतपणे बघत राहिला, म्हणजे तसे आत्याला वाटले. थोरलीने धाकटीच्या दुधात काहीतरी कालवले. चित्र स्वच्छ.

“तुझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो मेला!” आत्या म्हणाली. “मला खोटं पाडायला टपलाय.”

दुसऱ्या दिवशी फोन आला. टीव्ही पुन्हा काळा पडला होता. थोरली आल्यावर.

पुढे हे नेहमीचेच झाले. मीटर यायची, खोली मोकळी करायची, आणि एक गोष्ट बदलून पाहायची. कधी टीव्हीमागचे जोडणीचे भोक बदलले, कधी विजेचा प्लग. एकदा, एक यंत्र चालू केले की दुसरे आपोआप चालू करणारी सोय बंद केली. ती असेपर्यंत सगळे सुरळीत चाले. चष्मेवाला दुकान लवकर बंद करून तिला टॉर्च धरायला हजर राहू लागला.

“एका वेळी एकच गोष्ट बदलता तुम्ही,” तो एकदा म्हणाला.

“दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.”

“आमच्याकडेही तसंच. एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं, आणि विचारायचं… हे बरं, की ते?”

“टॉर्च हलतोय.”

“हात हलतोय. टॉर्चचा दोष नाही.”

टीव्हीमागच्या अरुंद जागेत दोघांची डोकी शेजारी शेजारी होती. मीटरला आपली नाडी जोरात चालल्याचे जाणवले. कारण म्हणून तिने जिना गृहीत धरला. घर तळमजल्यावर होते.

“एक विचारू?” तो म्हणाला. “ही बारीक अक्षरं वाचताना तुम्ही हात एवढा लांब का करता?”

“सवय आहे.”

“सवय नाही, नंबर आहे. उद्या दुकानात या. तपासून देतो.”

ती गेली. तपासणीची खोली छोटी आणि अंधारी होती. पंख्याची घरघर आणि समोर उजळलेला तक्ता. त्याने तिच्या नाकावर भिंगांची जड चौकट बसवली. कानामागची दांडी नीट करताना त्याची बोटे क्षणभर थांबली… आणि मग अतिशय व्यावसायिक झाली.

“हे बरं, की… ते?”

“पहिलं.”

“आता? हे… की हे?”

“दुसरं. नाही, पहिलंच. फरक नगण्य आहे.”

“फरक बराच आहे. तुम्ही तक्त्याकडे बघतच नाही आहात.”

ते खरे होते. त्या भिंगांतून जवळच्या वस्तू तिला प्रथमच इतक्या स्पष्ट दिसत होत्या, आणि खोलीतली सर्वांत जवळची वस्तू तो होता.

इकडे मामांचा धीर सुटला. “शनिवारी टेम्पो पाठवतो,” ते म्हणाले. “सगळं सामान उचलून आणू आणि त्या आत्याबाईंची माफी मागू. एका घरात एवढ्या फेऱ्या आपल्याला परवडत नाहीत. आणि तू काही दिवस काउंटरवर बस. ती केबल टाकलीस का?”

“कारण सापडल्याशिवाय—”

“तत्त्व! तुझ्या तत्त्वाला टेम्पोत घालून आण.”

मीटरने हिशोब मांडून पाहिला. शनिवारपर्यंत दोष सापडला नाही, तर सामान जाणार आणि त्या घरी जायचे निमित्त संपणार. दोष सापडला, तर तो दुरुस्त होणार आणि तेच निमित्त तितक्याच नेमकेपणे संपणार. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होते. तिसरा मार्ग एकच होता: निमित्ताशिवाय बोलणे. त्यासाठी कोणतेही उपकरण तिच्या पिशवीत नव्हते.

शनिवारी ती पिशवीच न घेता गेली. चेहरा पाहून आत्याने पाण्याचा पेला पुढे केला.

“आज खुर्ची नाही काढलीस बाहेर?”

“आज काम नाहीये, आत्या. मला दोष सापडला नाही. संध्याकाळी टेम्पो येतोय, सामान परत न्यायला.”

चष्मेवाला दारात उभा होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले, मिटले, आणि निष्कारण चष्मा काढून पुसला.

“मग आजचा भाग तरी बघून जा,” आत्या म्हणाली आणि आपल्या चाकांच्या खुर्चीत कपाटापाशी जाऊन बसली. “आज धाकटीला सगळं कळणार आहे.”

मालिका सुरू झाली. धाकटी रडली. सासरे खोकले. दार करकरले आणि थोरली जाऊ आत आली.

“आली! आली बघ सटवी!” आत्या खुर्चीतून उसळून उभी राहिली.

टीव्ही काळा पडला.

मीटर पडद्याकडे बघत नव्हती. ती आत्याकडे बघत होती.

“आत्या,” ती सावकाश म्हणाली, “खाली बसा. आता उठा.”

“थोरली गेली की आता.”

“ती नकोच आहे मला. तुम्ही उठा.”

गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा कण्हून आत्या उठली. चित्र जागेवर.

“असं नाही. रागाने उठा.”

“उगाच कसा राग येईल, बाई? काही कारण नको?”

चष्मेवाल्याने घसा साफ केला. “आत्या, तो काचेचा जग मांजराने नाही फोडला. मी फोडला.”

“मेल्या! आणि मी त्या गरीब मांजराला—” आत्या ताडकन उभी होती.

टीव्ही काळा पडला.

मग प्रयोगांना ऊत आला. खुर्ची बाहेर नेली आणि थोरलीचा प्रवेश पुन्हा लावला. आत्या सोफ्यावरून कितीही उसळली तरी चित्र स्थिर. खुर्ची आत आणून चष्मेवाल्याला त्यात बसवले आणि “उठा!” म्हटले, तो झटक्यात उठला आणि टीव्ही काळा. शेवटी मीटर भिंतीपाशी उकिडवी बसली आणि स्वतःच्या रेखीव गुंडाळीकडे, ओळखीच्या माणसाने फसवावे तसे, बघत राहिली.

“या खुर्चीच्या दांड्यात दाबलेला वायू असतो,” ती म्हणाली. “माणूस झटक्यात उठला की दांडा उसळतो आणि एक बारीकसा विजेचा झटका आसपास पसरतो. आपल्याला जाणवत नाही. पण ही केबल पातळ आवरणाची, त्यात गोल गुंडाळून खुर्चीच्या पाठीशी ठेवलेली. ती तो झटका अँटेनासारखा झेलते. टीव्ही आणि प्लेअर एकमेकांना हरवून बसतात. पुन्हा ओळख पटेपर्यंत अंधार.”

“आणि तू असताना का नाही व्हायचं?” आत्याने विचारले.

“कारण आल्या आल्या मी खुर्ची बाहेर ढकलत होते.”

“आणि ही गुंडाळी घातली कुणी?”

“मीच.”

“सुंदर आहे पण,” चष्मेवाला हळूच म्हणाला.

तिने गाडीतून मामांनी दिलेली जाड केबल आणली, गुंडाळी न करता सरळ टाकली, आणि तो भाग पुन्हा लावला. थोरली आली, आत्या खुर्चीतून उसळली, चित्र जागचे हलले नाही. थोरलीचे दुष्कृत्य आत्याने प्रथमच पुरे पाहिले आणि तृप्त होऊन खाली बसली. राहिला आवाज. मीटरने आपला फोन बिनतारी जोडणीने अँप्लिफायरला जोडला, तपासणीचा सूर वाजवला. पाचही स्पीकर ठीक. तेवढ्यात फोनवर मामांचा आवाजी निरोप आला आणि तिने सवयीने तो दाबला.

“मीटर!” खोलीच्या असतील नसतील त्या पाचही कोपऱ्यांतून मामा गरजले. “टेम्पो निघालाय. आणि ती केबल पहिल्या दिवसापासून गाडीत पडलीय, आता तरी टाकून बघ. तत्त्वबित्त्व मला सांगू नकोस. दुसऱ्या कुठल्या घरी तुझं तत्त्व एवढं ताठ नसतं. तो चष्मेवाला आवडत असेल तर सरळ सांग त्याला, माझा माल कशाला अडकवून ठेवतेस?”

‘आवडत’ या शब्दाला वूफरने विशेष वजन दिले. खिडकीची काच थरथरली.

मीटरने पाचही स्पीकरकडे एकेक करून पाहिले.

“स्पीकर नीट चालताहेत,” मीटर म्हणाली.

“स्पीकरचं नाही विचारत मी,” चष्मेवाला म्हणाला. “ते… खरं आहे?”

तिने फोन पालथा ठेवला, मग सरळ केला, मग टीपॉयवर ठेवला.

“खरं आहे.”

“मग माझंही ऐकून घ्या. खुर्चीचं मला… थोडं आधीपासून ठाऊक होतं.”

“काय?”

“टीव्ही चालू होता, मी खुर्चीत होतो, बेल वाजली. तुम्ही आला असाल म्हणून मी असा उडालो, की हा काळा पडला.”

“मग?”

“इस्त्रीवाला होता.”

“टीव्हीचं विचारतेय मी!”

“बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही एका दिवसात काम संपवून गेला असता. आज सांगणारच होतो. टेम्पो म्हणालात आणि मी चष्मा पुसत बसलो.”

“निरीक्षण दडवलंत तुम्ही. हे अक्षम्य आहे.”

“केबल गाडीत घालून हिंडणं क्षम्य आहे?”

ती हसली. आधी नाकातून, शास्त्रीय शिस्तीने, आणि मग शिस्त सोडून. तिच्या हसण्याने त्याला धीर आला असावा, कारण चष्मा पुसायचे त्याला या वेळी सुचले नाही.

“उद्या याल?” त्याने विचारले. “काही बिघडलेलं नाही. तरी.”

“येईन.”

“मला बोलावू नका तुमच्यात,” आत्या म्हणाली. “मला मालिका आहे. आणि त्या फुटलेल्या जगाचं आपण नंतर बोलू, गाढवा. आधी त्या टेम्पोला थांबवा कोणीतरी.”

मीटरने फोन उचलला, अँप्लिफायरपासून तो तोडल्याची खात्री करून घेतली, आणि निरोप बोलायला सुरुवात केली.

“मामा, टेम्पो परत बोलवा. दोष सापडला. आत्या रागाने उठतात, खुर्ची झटका देते, माझी गुंडाळी तो झेलते आणि चित्र जातं. जाड केबल टाकली, आता जात नाही. आणि एवढे दिवस तो सापडला नाही, कारण तो सापडावा असं मला वाटत नव्हतं.” ती थांबली. तिने समोर पाहिले. “यांनाही.”