कोयरीचा रुपया

मालशेट टांकसाळ्याला फितुरीत काय मिळणार होते ते आधी मांडून टाकू, म्हणजे पुढे शंकेला जागा नको. तीन गावे इनाम, परगण्याच्या टांकसाळीचा वंशपरंपरा मक्ता आणि नबाबाच्या दरबारात बसायला गादी. इमान राखल्यास काय, तेही मांडू: दसऱ्याला एक पागोटे, आणि तेसुद्धा सरकारास आठवले तर.

साळिंदगडावर त्या दिवशी पहाट उगवली ती दमलेलीच. खोऱ्यातले धुके कसेबसे कडा चढून आले आणि बुरुजाला टेकून बसले. खाली नबाबाच्या मोर्च्यांतून एखादी तोफ डागली जाई, पण ती आता सवयीने. गोलंदाजाला राग उरला नव्हता आणि तटाला भीती. पावसाळ्याआधी बसलेला वेढा थंडी सरत आली तरी उठला नव्हता, आणि आपल्या दरबाराची कुमक ‘निघाली’ ही बातमी इतक्या वेळा गडावर आली होती की लोक ती ऐकून जांभई देत.

गडाचा महादरवाजा राखीत होते गारदी. रोख पगारावर आलेले हे परदेशी शिपाई शूर खरे, परंतु त्यांचे इमान महिन्याच्या महिन्याला ताजे करावे लागे. खजिन्याची वाट शत्रूने रोखलेली, म्हणून किल्लेदार सुभानराव जगदळ्यांनी गडावरचीच चांदी आटवून रुपये पाडायचा हुकूम दिला होता. बायकांचे तोडे गेले, समया गेल्या, भैरोबाचा मुखवटाही गेला. देवाने तक्रार केली नाही. सुभानरावांचा रुप्याचा हुक्का सर्वांच्या मागून गेला, आणि तो गेला तेव्हा गडाने ओळखले की आता खरोखरच काही उरलेले नाही.

सुभानरावांनी मालशेटाला सदरेवर बोलावले. थकून त्यांचाही आवाज बसला होता.

“शेट, हुक्क्यावर शिबंदीचा पगार निघत नाही. तांबे मिसळा, वरून मुलामा द्या. गारद्याला काय कळते?”

“सरकार, गारद्याला आपली भाषा थोडी कळते,” मालशेट हात जोडून म्हणाला, “रुपया मात्र पुरता कळतो.”

“कुमक घाटाखाली आली आहे. तेवढे निभले म्हणजे झाले. हा हुकूम समजावा.”

मालशेटाने मुजरा केला. मजा अशी, की अंगारा वाटत फिरणाऱ्या एका गोसाव्याने आदल्याच दिवशी नबाबाचा निरोप त्याच्या कानात घातला होता आणि तोही शब्दशः हाच होता: एका पगाराला खोटे नाणे पाडा, गारदी चिडून आपणच दरवाजा उघडतील, तुम्ही कडीला बोटही लावू नका. धनी आणि शत्रू एकच काम सांगत होते. एकाने हुकूम दिला होता, दुसरा इनाम देत होता. नुसते आज्ञेत राहायचे, तीन गावे आपोआप घरी चालत येणार, आणि फितूर म्हणायला कुणाला तोंड नाही, कारण हुकूम खुद्द किल्लेदाराचा. असला सौदा पिढ्यांतून एखाद्यालाच चालून येतो.

घरी लाडूबाई जात्यावर नाचणी दळीत होती. मालशेटाने तिला सगळे सांगितले.

“गावे कोणती देतो म्हणतो?” तिने जाते न थांबवता विचारले.

“विचारली नाहीत.”

“म्हणजे घ्यायचीच नाहीत तुम्हांला. घेणारा आधी नावे विचारतो, मग विहिरी मोजतो.” खुंट्यावरचा तिचा हात थांबला. “मग काय, कोयरी काढता?”

तो ठशाची पेटी उतरवू लागला.

“घर जाईल हो हे.”

“जाईल.”

तिने पुढची मूठ घातली आणि जाते पुन्हा फिरू लागले.

कोयरी म्हणजे मालशेटाच्या घराण्याचा ठसा. त्या मुलखात रीत अशी, की पारख्याने ज्या रुपयावर आपला ठसा उठवला तो पुढे हिणकस निघाला तर भरपाई त्याने करायची, आणि तो गेला तर त्याच्या मुलांनी. म्हणूनच शहाणा पारखी हलक्या नाण्याला ठसा दाखवतसुद्धा नाही.

पगाराच्या सकाळी चौकात जाजम अंथरले. सुभानराव लोडाला टेकले, तबके आली. गारद्यांचा जमादार हबीबखान पुढे झाला; त्याने पहिला रुपया उचलून दगडावर टाकला. रुपया वाजला नाही, लाकडासारखा पडला. मुलामा दिलेलाच नव्हता. कडेने तांबूस रंग उघडा दिसत होता. चौकातले हात मुकाट्याने तलवारींच्या मुठींवर गेले. सुभानरावांनी मालशेटाकडे बोट करायला हात उचलला, तोच मालशेट तबकापाशी येऊन उभा राहिला.

“जमादारसाहेब, रुपया खोटा आहे,” तो म्हणाला. “त्यात निम्म्याहून जास्त तांबे आहे, ते मी घातले. नाणे उलटे करून पाहावे, त्यावर माझी कोयरी आहे, प्रत्येकावर आहे. वेढा उठला की ज्याने हा आणून दिला त्याला माझ्या घरातून खऱ्या चांदीचा रुपया मिळेल.”

“आणि दरवाजा उघडून आम्ही आजच नबाबाकडून घेतला तर?”

“मग मी मरेन, आणि नबाबाने तर तुम्हांला कसलाच ठसा दिलेला नाही. आजपासून मी दरवाजाच्या देवडीतच बसणार आहे. दरवाजा उघडला की पहिली मान माझी, आणि मेलेल्या माणसाची कोयरी कोण भरणार? मुले मला नाहीत.”

हबीबखानाने रुपया फिरवून पाहिला आणि किती तरी दिवसांनी तो हसला.

“म्हणजे शेटजी, आता गड नाही, तुमची मान राखायची.”

“गड राखायला तुम्हांला कुणी नीट पैसे दिलेच कुठे?” मालशेट म्हणाला.

गारद्यांनी रुपये कमरेला बांधले.

गोसाव्याने ही बातमी खाली पोचवली, आणि आतून काही होत नाही असे दिसताच नबाबाने दरवाजावर एल्गार केला. हत्ती आले, शिड्या आल्या. निम्मे गारदी दरवाजातल्या दिंडीच्या तोंडाशी पडले. देवडीच्या पायरीवर बसलेल्या मालशेटावर एक भाला आला, तो हबीबखानाने आपल्या अंगावर घेतला. माणूस आपली ठेव राखतो तसा. पण दरवाजा टिकला. कुमक अखेर आली, नेहमीप्रमाणे काम झाल्यावर, आणि नबाबाने डेरे उचलले.

मग जिवंत गारदी मालशेटाच्या ओट्यावर आले. त्याने एकेक कोयरी परत घेतली, उसनी आणलेली खरी चांदी दिली, आणि परत आलेले नाणे त्यांच्यासमोर मुशीत टाकले. दरबाराला त्याने त्या चांदीच्या भरपाईसाठी अर्ज केला. उत्तर कायदेशीर आले: तांबे मिसळण्याचा हुकूम होता, कोयरी उठवण्याचा नव्हता. तेव्हा लाडूबाईचे सोने गेले, मागोमाग घर गेले. दसऱ्याला पागोटे मात्र आले; तेही त्याने विकले. पुढे म्हातारपणी तो आठवड्याच्या बाजारात लोकांचे रुपये पारखीत बसे, आणि मेलेल्यांचा कुणी वारस येतो का म्हणून वाटेकडे पाही. दूरदेशीची माणसे ती. कुणी आले नाही.

आज जुन्या नाण्यांचे शौकीन कोयरीच्या रुपयाला शुद्ध चांदीच्या रुपयाहून कितीतरी जास्त किंमत देतात. दुर्मिळ आहे, असे व्यापारी सांगतो, आणि ते खरे आहे. मालशेटाच्या हाती परत आला तेवढा सगळा आटला. दरवाजाखालच्या उतारावर माती वाहून गेली की अजून एखादा सापडतो. अक्षरे ठसठशीत असतील, कड झिजलेली नसेल, तर भाव आणखी चढतो. नाणे जितके कोरे, तितका त्याचा धनी लवकर पडला, हे मात्र व्यापारी सांगत नाही.

तेव्हा बेरीज अशी: सुभानरावांना सरंजाम मिळाला, नबाबाचा गोसाव्यावरचा खर्च बुडाला, जिवंतांचे मालशेटाने फेडले, आणि आज काचेखाली जे रुपये चमकतात, त्यांची भरपाई कुणी मागितलीच नाही, ती ज्यांचे ते रुपये होते त्यांनीच जीव देऊन भरली.