अडीच तास जास्तीचे

"चोरी झाली असती तर बरं झालं असतं, बाई. निदान काय गेलं ते तरी सांगता आलं असतं."

मिस्त्रींनी निळ्या वेष्टनातली, विटेएवढी बॅटरी आपल्या कामाच्या टेबलावर ठेवली. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, श्वासासाठी प्राणवायूचं लहान यंत्र लागायचं. घरात ते भिंतीच्या विजेवर चालायचं, बाहेर या बॅटरीवर. जुन्या लॅपटॉपमधले चांगले सेल निवडून, एकमेकांना जोडून मिस्त्रींनी ती स्वतः बांधली होती.

"मग तक्रार काय?" बाईंनी विचारलं.

"ही साडेपाच तास चालायची. काल तपासली, तर आठ तास चालली."

मास्तरांना हसू आवरेना. बाई एके काळी विमा कंपनीत दावे तपासायच्या, आता खाजगी तपास करायच्या. आणि चित्रकलेचे निवृत्त शिक्षक असलेले मास्तर हौसेने त्यांच्यामागे हिंडायचे. अशी तक्रार त्यांनी जन्मात ऐकली नव्हती.

"अहो, मग आनंदच आहे की!"

"आनंद कसला? बॅटरी म्हातारी होते, मास्तर, तरुण नाही होत." मिस्त्रींचा आवाज खाली आला. "कोणी हात लावला असेल तर ठीक. नाहीतर मीच ती पुन्हा बांधली आणि साफ विसरलो. माझ्या वडलांचं असंच सुरू झालं होतं. सोमवारी हिला सहा तासांच्या प्रवासाला न्यायचंय, बहिणीला भेटायला. वाटेत बस थांबते तिथे अर्धा तास चार्जिंग, असा हिशेब बसवला होता. पण जो स्वतःचं काम विसरतो, त्याच्या हाती मी हिचा श्वास देणार नाही. मीच निघालो, तर प्रवास रद्द."

आतल्या दारात उभ्या असलेल्या काकूंनी नाकाची नळी उगाच सारखी केली. बहिणीला भेटून त्यांना सहा वर्षं झाली होती.

"उघडून बघू या," बाई म्हणाल्या. मिस्त्रींचे हात थरथरत होते, म्हणून कात्री मास्तरांकडे आली. "वरवर चालवा, आत टोचू नका," मिस्त्रींनी दटावलं.

वेष्टन निघालं. आत सेलच्या रांगा, आणि प्रत्येकाच्या टोकाशी कागदाची पांढरी कडी.

"ही कडी फाटली की ठिणगी उडते," मिस्त्री म्हणाले. "सगळे एकच लावतात. माझी लेक नऊ वर्षांची असताना मला मदत करायला बसली, एक कडी फाटली आणि पोरीचं बोट भाजलं. त्या दिवसापासून मी दोन लावतो. दुसरं कोणी असेल तर..." त्यांनी नखाने एक कडी उचलली. खाली दुसरी होती.

मिस्त्रींनी चष्मा काढला आणि खुर्चीत बसले. "दोन आहेत. म्हणजे मीच."

त्यांनी पुढे पाहिलंच नाही. मास्तरांनी पाहिलं. सेल जोडणाऱ्या चकचकीत पट्ट्यांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके होते, दोन-दोनच्या जोडीने. "काय सुबक हात आहे!" ते न राहवून म्हणाले. टेबलावरच्या दुसऱ्या, मिस्त्रींनीच बांधलेल्या जुन्या बॅटरीवर मात्र सोल्डरचे, म्हणजे वितळवलेल्या कथलाचे, डाळीएवढे डाग होते. बाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या.

"लेक कुठे असते?"

"याच गावात. दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात. दोन वर्षं बोलणं नाही. म्हणाली, बाबा, तुमचे हात थरथरतात, आता जुन्या सेलचा नाद सोडा. मी म्हटलं, पुन्हा माझ्या टेबलाला हात लावायचा नाही. तेव्हापासून पायरी चढली नाही. हट्टी आहे."

"गेलीय कोणावर?" काकू पुटपुटल्या.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "काकू, ही बॅटरी कधी घराबाहेर गेली होती?"

"छे! रोज संध्याकाळी हिच्यावर यंत्र लावून गॅलरीत बसते मी. एक दिवस चुकत नाही."

बाई गॅलरीत जाऊन आल्या. एक खुर्ची, दोन कुंड्या. विजेचं बटण नाही. आतल्या यंत्राची वायर उंबरठ्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती.

खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मिस्त्रींना जुने सेल तिथला मोबाइलवालाच आणून द्यायचा.

"मी कशाला हात लावू?" मोबाइलवाला म्हणाला. "मी बॅटऱ्या बांधतो, पण माझं काम झटपट. हे मशीन बघा, टक् केलं की दोन ठिपके, सेल जोडला. मिस्त्रींना हे चालत नाही, त्यांना सोल्डरच हवं."

"कड्या किती लावता?"

"एक. दोन-दोन लावत बसलो तर दुकान बंद करावं लागेल!" तो हसला, मग वर बघत म्हणाला, "काकू बऱ्या आहेत ना? रोज गॅलरीतून मला हात करतात. गेल्या आठवड्यात मंगळवार ते गुरुवार दिसल्याच नाहीत."

जिन्यात मास्तरांनी बाईंना गाठलं. "सापडला! ठिपक्यांचं मशीन याच्याकडेच आहे."

"आणि दुसरी कडी?"

वर जाऊन बाई काकूंच्या कानाशी काहीतरी बोलल्या. काकूंनी फोन लावला.

तासाभराने बाईंनी मिस्त्रींना चष्मा घालायला लावला. "कड्या पाहून तुम्ही थांबलात. आता पट्ट्या बघा. हे ठिपके मशीनचे आहेत. तुमच्या घरात मशीन नाही. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत, मिस्त्री."

मिस्त्रींनी पट्टीवरून बोट फिरवलं. त्यांचा श्वास मोकळा झाला.

"मशीन खाली आहे, पण तो दुसरी कडी लावत नाही. म्हणजे मशीनही असलेलं आणि दोन कड्यांची सवयही असलेलं माणूस हवं. कारखान्यात मशीन असतं. आणि दुसरी कडी या घरातल्या दोघांनाच ठाऊक आहे. तुम्हाला, आणि जिचं बोट भाजलं तिला."

"पण ती इथे आलीच नाही!"

"बॅटरी तिच्याकडे गेली. तीन संध्याकाळी काकू गॅलरीत बसल्या नाहीत, कारण त्यांना श्वास पुरवणारी बॅटरीच घरात नव्हती. काकू, खोटं बोलणं तुम्हाला जमत नाही."

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. "सहा तासांचा प्रवास, साडेपाच तासांची बॅटरी. वाटेत बस थांबलीच नाही तर? तुम्हाला सांगून तुम्ही ऐकणार होता का? तुम्ही झोपल्यावर दुपारी तिला फोन केला, मी दोरीने सोडलेली बॅटरीची पिशवी ती खालूनच घेऊन गेली. तीन दिवस तुम्हाला गार वाऱ्याचं निमित्त सांगून आत बसले. नवे सेल घातले, वेष्टन तसंच, तुमचं लेबल अलगद काढून तसंच लावलं. म्हणाली, बाबांना कळू नको देऊस, त्यांचं काम त्यांचंच राहू दे."

दारात कारखान्याच्या निळ्या डगल्यात लेक उभी होती. उंबरठ्याच्या अलीकडे आली नव्हती.

"बाबा, तुमचे दोन सेल गळायला लागले होते," ती म्हणाली. "म्हणून..."

मिस्त्रींनी नखाने पुन्हा एक कडी उचलली. "कारखान्यात दोन लावू देतात?"

"नाही. ओरडतात. मी तरी लावते."

मिस्त्रींनी टेबलाखालचं दुसरं स्टूल ओढून बाहेर काढलं.

"वेष्टन कापलंय या मास्तरांनी, तेही वाकडंतिकडं. सोमवारच्या आत नवं चढवायचंय."

"मी कारखान्यात नेते."

"कारखान्यात कशाला? इथे बस. आणि आधी तुझ्या बाजूचं टेबल पूस, दोन वर्षांची धूळ आहे."

मास्तरांना आपल्या कात्रीचा बचाव करायचा होता, पण बाईंनी त्यांना बाहीला धरून जिन्याकडे नेलं. आत टेबल पुसल्याचा आवाज येत होता.