आवडण्यात येत आहे

माझं वाक्य एका परक्या माणसाच्या मांडीवर पडलं होतं.

पिंगळीहून परभणीला जाणारी काळीपिवळी. मागं चौघांच्या जागेत सहा जण कोंबलेले, सातवी मी. मार्चचं ऊन टपावर तापत होतं आणि माझ्या शेजारचा पोरगा कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन एकटाच हसत होता. हसू दाबायला ओठ आत घ्यायचा, की गाल फुगायचे. मी वाकून पाहिलं. समासात शेऱ्यांचे लाल फुगे छापलेले. पहिल्याच फुग्यात लिहिलं होतं — ‘फवारणी करण्यात यावी? कुणी करावी? आभाळातून पडती का फवारणी?’

हे मी लिहिलं होतं. परवाच. रागानं.

“हसायला काय झालं?” मी विचारलं.

“हे वाचा की.” त्यानं कागद माझ्याकडं सरकवला. “आमच्या शेतीच्या हापिसातून एका संस्थेला पुस्तिका तपासायला जाती. शेतकऱ्यांसाठी, पेरणी-फवारणीची. तिथं कुणीतरी एक बाई बसवलीय... लय खवीस हाय. एक वाक्य सुखानं जाऊ देत न्हाई.”

“वाक्य धड असलं तर जाईल की.”

“तुमी मास्तरीण हात का?”

“न्हाई. खवीस हाय.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. ड्रायव्हरनं म्हशीसाठी ब्रेक मारला, अर्धे कागद त्याच्या मांडीवरून माझ्या पायाशी आले. आम्ही दोघं एकदम वाकलो — डोक्याला डोकं लागलं.

“म्हणजे... ॲडमिन? तुमी?”

आमच्या संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरला नाव कुणी घातलंच नव्हतं. मी काहीही सुधारलं की कडेला ‘ॲडमिन’ असंच उमटायचं.

“आणि तुमी ते ऑथर. बिननावाचे.”

“हापिसातून फाइल बाहेर जाताना नावं पुसली जातात. सेटिंगच तसलं हाय. कुणीबी लिहू द्या, बाहेर निस्तं ऑथर दिसतं.”

“लय सोईचं हाय.”

“भागवत,” तो घाईनं म्हणाला. “बोरीचा.”

“धम्मशीला.”

आमच्याकडं नाव सांगितलं की पुढचं विचारावं लागत नाही. त्याला माझं कळलं, मला त्याचं. मी त्याच्या गुडघ्याकडं बघत बसले — आखडून घेतो का म्हणून. मला सवय आहे बघायची. गुडघा होता तिथंच होता. उलट परभणी येईपर्यंत तो माझे कागद पानावर पान लावत बसला, आणि प्रत्येक पान लावताना एकदा माझ्याकडं बघत होता.

मला लिहायला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असेल तर बाबांच्या दवाखान्याच्या कागदानं. बाबा दुसऱ्याच्या रानात पंप पाठीवर घेऊन फवारायचे. एक दिवस रानातच उलट्या करत पडले. वाचले. पण एका डोळ्यानं अजून धुरकट दिसतं. कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्णास विषबाधा झाल्याचे आढळून आले.’ झाली! जशी काय सर्दी झाली. विष कुणाचं, पंप कुणाचा, तोंडाला बांधायला काही दिलं का नाही, ते कुणी द्यायचं होतं... वाक्यात माणूसच नाही. तेव्हापासून ‘करण्यात आले’, ‘देण्यात यावे’ दिसलं की माझं डोकं फिरतं. असली वाक्यं लिहिणारे काहीतरी लपवत असतात. मी तोंडावर सांगते.

पण तो हसला होता. राग आला नव्हता त्याला, हसू आलं होतं. मला तेच झोपू देईना.

त्यानंतर फाइल नुसती येईना, बोलत यायला लागली. ‘बियाण्याची उगवण तपासण्यात यावी’ — मी विचारलं, कुणी? खाली उत्तर आलं, ‘तुमी. तुमाला तपासायची लय आवड.’

‘ऑथर, कामाचं लिहा.’

‘ॲडमिन, डब्यात काय हाय आज?’

‘हे तुमच्या साहेबांनी वाचलं म्हणजे?’

‘तुमी वाचलं की मी रिझॉल्व्ह करतो. साहेबाला निस्तं पांढरं दिसंल.’

मी वाचायची, आणि पुढच्या फाइलीत ती कमेंट मिटलेली असायची. मिटली तरी माझ्या डोक्यात उघडीच. मेल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. खुर्चीत बसवत नव्हतं. उठून पाणी प्यायची, खिडकीत जायची, परत यायची. संस्थेतल्या सत्यशीलाबाई चष्म्यावरून बघायच्या.

“माठ रिकामा केलास तू सकाळपासून. फाइल यायलीय का पाव्हणे?”

“फाइल हो बाई.”

“मग वेणी कशाला दुसऱ्यांदा घातलीस?”

मी वेणी पाठीमागं टाकली आणि मेल उघडायला बसले.

एक दिवस शेवटच्या पानावर, जिथं सुधारायला काही नव्हतंच, तिथं फुगा होता. ‘पुस्तिकेचे काम संपल्यावरही भेटण्यात यावे असे वाटते. कारण... आवडण्यात येत आहे.’

मी हसले. मोठ्यानं हसले. मग खुर्ची पुढं ओढली. मी टाइप केलं — ‘कुणाला? कोण? नाव लिहा.’

फाइल परत आली. उत्तर नव्हतं. फुगा मिटवलेला.

आणि त्याच फाइलमध्ये ते वाक्य होतं.

‘फवारणी करणाऱ्या मजुरास हातमोजे, चष्मा व मास्क पुरविण्यात यावेत.’ मी खोडून लिहिलं होतं, ‘शेतमालकाने मजुराला हातमोजे, चष्मा आणि मास्क द्यावेत.’ त्यानं माझी सुधारणा रिजेक्ट केलेली. मी पुन्हा घातली. पुन्हा रिजेक्ट. बाकी साऱ्या पुस्तिकेत माझं एकेक अक्षर मान्य, आणि इथं नाही. मी फोन लावला.

“शेतमालकाने हा शब्द का काढायलास?” ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, मला कळलंही नाही.

“अगं... पुस्तिकेचं वाटप बोरीत हाय. पयल्या रांगेत आमचे आबा बसणार.”

“मग?”

“आमच्या रानात फवारायला माणसं लागतात. आबा त्यांला... फडकं देतात, तोंडाला बांधायला.”

पंख्याचा खडखड आवाज दोन्हीकडून यायला लागला.

“पुस्तिका कुणासाठी काढायलास भागवत? आबाला वाईट वाटू नये म्हणून का माझ्या बाबाचा दुसरा डोळा जाऊ नये म्हणून?”

“सेलूला बोलू,” तो म्हणाला. “छापखान्यात ये. कागदावर बघू.”

सेलूच्या रस्त्यावर त्या दिवशी कापसाच्या शेवटच्या गाड्या जिनिंगकडं चालल्या होत्या. हवेत सगळीकडं कापूस उडत होता — विजेच्या तारांवर, पानटपरीवर, आमच्या रसाच्या ग्लासात. छपाईचा नमुना बघून झाला होता, फक्त ते एक वाक्य राहिलं होतं. दोघंही त्याचं नाव काढत नव्हतो. रसवंतीच्या बाकावर बसलो होतो, आणि तो माझ्या खांद्याकडं बघत होता.

“वेणीत कापूस हाय तुझ्या.”

“काढण्यात यावा,” मी म्हणाले.

“कुणी?”

“जो मघापासून बघायलाय त्यानं.”

त्यानं दोन बोटांनी काढला. हळूच, जसा काही मी बोंडच आहे आणि टरफल टोचेल. बोटं मानेजवळ एक क्षण थांबली. मी रस प्यायचाच विसरले...

“भागवत!”

समोर पांढरी टोपी, मिशीला कापूस, हातात वजनाची पावती. ओळख करून द्यायची गरज नव्हती — तोच गाल, तेच नाक. त्याचे वडील, मुंजाजी. आबा. माल घालून परत चालले होते.

“हितं काय करायलास? आन् ह्या कोण?”

भागवत ताडकन उभा राहिला. माझ्या वेणीतला कापूस त्याच्या बोटात अजून तसाच.

“ते... पुस्तिकेचं काम चालू हाय, आबा.”

आबांनी मान हलवली आणि गेले.

मी ग्लास खाली ठेवला.

“काय बोललास ऐकलंस का? ‘काम चालू हाय.’ माणूस विचारला तुला. ह्या कोण, असं विचारलं. वाक्यात ना मी हाय ना तू.”

“धम्मा, एकदम कसं सांगू, बाजारात—”

“समासात सांगता येतं. पुसून टाकता येतं म्हणून. तोंडानं बोललेलं पुसता येत न्हाई, हीच भीती ना? मला बिननावाच्या माणसाकडनं आवडून घ्यायचं न्हाई. जा. आबाला फडकं धुवायला मदत कर.”

मी स्टेशनवर गेले आणि पहिली गाडी मिळाली तिच्यात बसले. खिडकीतून वारा आत येत होता, तापलेला. मी रडले नाही. खरं सांगायचं तर मानवतपर्यंत नाही रडले.

मग फाइल येईना. मीच म्हणाले होते जा म्हणून, आणि मीच दर घटकेला मेल उघडत होते. घरात बसले की बाहेर जावंसं वाटायचं, बाहेर गेले की ऑफिसात. माठ भरून राहायला लागला, तहानच लागेना. सत्यशीलाबाईंनी एकदा माझ्या टेबलावर लिंबू-सरबत ठेवलं आणि काही न बोलता गेल्या. त्यांचं न बोलणं जास्त लागलं.

शेवटी आली. फाइलचं नाव ‘अंतिम’. मी उघडली, आणि कडेला ‘ऑथर’ दिसलं नाही. तिथं लिहिलं होतं — ‘भागवत मुंजाजी, बोरी’. प्रत्येक सुधारणेवर. प्रत्येक फुग्यावर. सेटिंग बदललं होतं त्यानं. साहेबाच्या परवानगीनं बदललं असेल असं मला वाटत नाही.

वाक्यावर गेले. ‘शेतमालकाने’ — मान्य. आणि त्याच्याखाली त्यानं स्वतःचं एक वाक्य घातलं होतं, त्याच्या नावासकट: ‘हे आम्ही मालकांनी करायचे आहे, फडके चालणार नाही.’

शेवटच्या पानावर मिटवलेला फुगा पुन्हा उघडला होता. ‘आवडण्यात येत आहे’ आडव्या रेघेनं खोडलेलं. पुढं एकच शब्द: ‘मला’. मग काहीच नाही. खाली दुसरी कमेंट — ‘राहिलेलं तोंडी. शनिवारी बोरीत वाटप हाय. ये. नको वाटलं तर नको येऊ.’

मी उत्तर लिहिलं नाही. गेले.

शाळेपुढं मांडव होता आणि वारा त्याला उपटून न्यायला बघत होता. पहिल्या रांगेत टोप्या आणि पांढरी धोतरं, मधोमध आबा. मागं मजूर बायका-माणसं, उन्हात अर्धे. मी मागं उभी राहिले. भागवत माइकपुढं आला. हातातली पुस्तिका फडफडत होती. त्यानं ते पान वाचलं. ‘शेतमालकाने...’ म्हणताना आवाज चिरकला, पण शब्द गिळला नाही. मग फडक्याचं वाक्यही वाचलं.

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मागं कुणीतरी खुदकन हसलं. आणि एक टोपी उभी राहिली.

“हे कुणी लिव्हलं रे?”

मला वाटलं, आता म्हणंल — लिहिण्यात आलंय. वरून आलंय. हापिसाचं हाय.

“मी लिहिलं, काका,” भागवत म्हणाला. “आन् धम्मशीलानं तपासलं. त्या मागं उभ्यात.”

शंभर डोकी वळली. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी त्याच्याकडंच बघितलं.

पुस्तिका वाटून झाल्या, लोक पांगले. आबा चपला घालत होते. पुस्तिकेची गुंडाळी करून काखेत धरलेली. माझ्याकडं बघून ते थांबले.

“ही तर सेलूतली. ह्या कोण, भागवत?”

तोच प्रश्न.

“आबा, ही धम्मशीला. पिंगळीच्या सितारामकाकांची लेक. त्या दिशी मी खोटं बोललो, काम न्हवतं ते. मला ही आवडती. मी हिच्याशी लग्न करणार हाय... ही हो म्हणली तर.”

कर्ता, कर्म, क्रियापद. सगळं जागेवर. उन्हात, शाळेपुढं, बापापुढं.

आबांनी दुसरी चप्पल पायात सरकवली. मग मला म्हणाले, “मालकाचं वाक्य तुझं का?”

“माझंच.”

“तिखट हाय.” एवढंच. मग त्याला, “घरी ये. बोलायचंय.” आणि निघाले. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. पण पुस्तिका टाकून दिली नाही, काखेतच होती. घरी काय रामायण व्हायचंय ते मला दिसत होतं. आमच्या घरीही कमी होणार नव्हतं. होऊ दे. भांडायचं तर नाव घेऊन भांडता येईल आता.

भागवत माझ्यापुढं उभा. कपाळावर घाम, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. मांडवाचं कापड डोक्यावर फडाफडा वाजत होतं.

“बोल की काहीतरी,” तो म्हणाला. “जीव चाललाय माझा.”

“कळविण्यात येईल.”

त्याचा चेहरा आधी पडला. मग डोळ्यात हळूच ते काळीपिवळीतलं हसू आलं, गाल फुगले.

“कोण कळवणार?”

“मी,” मी म्हणाले. “धम्मशीला सिताराम, पिंगळी. ‘हो म्हणली तर’ म्हणलास ना मघाशी... त्यातला ‘तर’ खोड.”